रिक्षाचं तोंड कुठलं?

पोहे अजून कढईत होते आणि बाहेर सोप्यात भांडण सुरू झालं होतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांशी भांडायचं म्हटलं तरी त्याची एक वेळ असते. आधी पोहे होतात, चहा होतो, देण्याघेण्याचा विषय निघतो आणि मग आवाज चढतात. आमच्याकडे पाहुण्यांनी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"तू?" हा आमच्या आण्णांचा आवाज होता.

"तू?" हा आवाज घोगरा आणि परका.

त्यावर गुंडूमामा घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे ओळख हायच म्हणायची! मग तर काय, निम्मं काम झालं."

"गुंडू, ह्या माणसाला माझ्या दारात कुणी आणलं?"

"मी न्हाई आणलं, दाजी. ते त्यांच्या रिक्षातनं आलेत."

आईच्या हातातला झारा थांबला. "कोण आलंय गं?" तिनं विचारलं. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला, खरं तर लावायची गरज नव्हती.

"तवनाप्पा चौगुले," मी म्हणाले.

"अगं बाई! सांगलीचे?"

"सांगलीचेच."

आई मटकन पाटावर बसली. आमच्या घरात हे नाव जेवताना काढायला बंदी होती. एकदा चुकून काढलं गेलं, तर आण्णा आमरसाच्या ताटावरून उठले होते.

तुम्हाला उलट्या रिक्षांची शर्यत ठाऊक नसेल तर ती आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. आमच्या सांगली-मिरजेकडे जत्रेत बैलगाड्या पळतात, घोडागाड्या पळतात, तशा रिक्षाही पळतात, पण उलट्या. उलटा गिअर टाकायचा आणि गाडी मागं मागं पळवायची. पाठीमागचा रेक्झिनचा पडदा काढून टाकलेला असतो. ड्रायव्हरशेजारी एक माणूस बसतो, त्याला 'वजन' म्हणतात. वळणावर गाडीचं एक चाक उचलायला लागलं की त्यानं त्या बाजूला लोंबकळून ते खाली दाबायचं. मिरजेचे ड्रायव्हर मान मागं वळवून चालवतात, सांगलीचे आरशात बघून. त्यामुळं सांगलीवाले मिरजेच्या ड्रायव्हरांना 'मानमोडे' म्हणतात आणि मिरजवाले सांगलीच्यांना 'नटवे'. दोन गावांत अंतर ते किती, रिक्षानं गेलं तर एक विडा चघळून होईस्तोवरचं. पण जत्रेच्या दिवशी दोन देश असतात.

आमचे आण्णा, भूपाल मगदूम, मिरज स्टेशन स्टॉपचे. तवनाप्पा सांगली बसस्टँड स्टॉपचे. चौऱ्याऐंशी साली कृष्णाकाठच्या मळेवाडीच्या जत्रेत शेवटच्या फेरीला या दोघांच्याच गाड्या उरल्या. आण्णांची गाडी पुढं होती. तिची मागची दोन चाकं रेघेच्या पलीकडे गेली आणि गाडी तिथंच बंद पडली. पुढचं चाक रेघेच्या अलीकडे राहिलं. तेवढ्यात तवनाप्पांची गाडी अख्खीच्या अख्खी रेघ ओलांडून गेली.

आता जिंकलं कोण?

मिरज म्हणाली, उलट्या शर्यतीत पाठ हेच तोंड. ज्याची पाठ आधी पोचली तो जिंकला. सांगली म्हणाली, गाडी उलटी पळवली म्हणून तिचं तोंड मागं जात नाही. हँडल जिकडं तिकडं तोंड, आणि मगदूमचं तोंड रेघेच्या अलीकडेच राहिलं. जत्रा कमिटीनं सांगलीचं ऐकलं आणि ढाल तवनाप्पांना दिली. पंच होते आमचे गुंडूमामा, आईचे चुलतभाऊ. त्यांचं सायकलचं दुकान, म्हणून ते रिक्षाच्या बाबतीत निःपक्षपाती समजले जात. त्यांनी निशाण एकदा आण्णांसाठी खाली केलं, एकदा तवनाप्पांसाठी खाली केलं, आणि दोन्हीकडची माणसं अंगावर आल्यावर निशाण टाकून नदीकडे धूम ठोकली. गाडी का बंद पडली, यावर आण्णांचं एकच उत्तर असायचं: "प्लग गेला." त्यापुढं कुणी विचारलं तर ते उठून गाडी पुसायला जायचे.

त्याला दीड तप उलटून गेलं होतं, आणि तेच तवनाप्पा आज मला सून करून घेण्यासाठी बघायला आले होते. त्यांचा मुलगा शीतल. आमच्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं, यावरून त्याला टायपिंगच्या क्लासमधल्या बाकीच्या पोरी फार छळायच्या. मी पण छळलं. छळता छळता आवडायला लागला. मग एक दिवस त्यानं विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, "रिक्षा." तो म्हणाला, "माझे पण. कुठला स्टॉप?" मी स्टॉप सांगितला, त्यानं स्टॉप सांगितला, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनीही टायपिंगमध्ये भरपूर चुका केल्या.

शेवटी गुंडूमामांनाच साकडं घातलं. मामांनी आण्णांना सांगितलं, "सांगलीचे चौगुले, सज्जन माणसं." तिकडे सांगितलं, "मिरजेचे मगदूम, देवमाणूस." सांगलीत चौगुले आणि मिरजेत मगदूम पायलीला पन्नास. मामांचा हिशेब असा होता की एकदा पोहे पोटात गेले की माणूस नरमतो, आणि मग ओळख पटली तरी चालते. खिशात सुपारी घेऊनच ते आले होते. पण तवनाप्पांच्या रिक्षाच्या पाठीवर लाल अक्षरांत 'मळेवाडी चौऱ्याऐंशी, प्रथम' असं लिहिलेलं होतं, हे मामा विसरले.

"जा, पोहे घेऊन जा," आई कुजबुजली. "तोंडात घास असला की बोलणं तरी बंद होईल."

मी पदर सावरून ताटल्या घेऊन बाहेर गेले. तवनाप्पा खुर्चीत बसले होते, म्हणजे टेकले होते. कधीही उठून जाता येईल असे. माणूस आडवातिडवा, मिशा पिळदार. शेजारी त्यांची बायको, रत्नाकाकी, आणि त्यांच्यापलीकडे शीतल, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. आण्णा समोर उभे. मान नेहमीसारखी जराशी उजवीकडे वळलेली. इतकी वर्षं उलटी गाडी चालवून ती तशीच बसली होती. खिडकीत आमच्या स्टॉपवरच्या चहाच्या गाड्याचा दिलावर येऊन उभा होता. त्याला मिरजेच्या सगळ्या शर्यती तोंडपाठ होत्या आणि त्यानं तवनाप्पांची गाडी गल्लीत शिरताना पाहिली होती.

"ही त्रिशला," मामा म्हणाले. "बी.कॉम. झालीया. टायपिंग दोन्ही भाषांत. विचारा काय विचारायचं ते."

तवनाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोह्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकच विचारतो, पोरी. खरं सांगायचं. रिक्षाचं तोंड कुठलं?"

शीतलनं डोळे मिटून घेतले. 'हँडलाकडचं' म्हणाले असते तर आण्णा गेले, 'पाठीकडचं' म्हणाले असते तर लग्न गेलं.

"गिऱ्हाईक जिकडनं चढतंय ते," मी म्हणाले.

रत्नाकाकींनी पटकन पदर तोंडाला लावला. दिलावर खिडकीतून "व्वा!" म्हणाला. तवनाप्पांच्या मिशा हलल्या, पण हसणं बाहेर येऊ द्यायचं की नाही हे त्यांचं ठरेना.

"पोरगी वकील व्हायची," ते म्हणाले. "पण बापाची बाजू काय घेतली न्हाई तिनं."

"तुझीबी घेतली न्हाई," आण्णा म्हणाले.

"घेईल कशी? खोटं बोलत न्हाई पोरगी. त्या दिवशी तुझी गाडी रेघेवर उंबऱ्यात बसल्यागत बसलीती, सगळ्या जत्रंनं बघितलंय."

"पाठ पलीकडं होती!"

"पाठ पलीकडं गेली म्हणून माणूस घरात गेला म्हणत न्हाईत, भूपाल. तोंड आत जायला लागतं."

"उलटा चालणाऱ्याचं काय?" खिडकीतून दिलावर. "उलटा चालणारा आधी पाठीनं आत जातोय. मगदूमआण्णा मान वळवून चालवतेत, म्हणजे त्यांचं स्वतःचं तोंड पाठीकडं होतं. म्हणजे ड्रायव्हरचं तोंड पलीकडं पोचलं हुतं!"

"हा कोण?" तवनाप्पांनी विचारलं.

"चहावाला," मामा म्हणाले.

"मग चहा आण म्हणावं. आणि मान वळवण्याचं कौतुक मला सांगू नको. मान वळवणारा एकाच बाजूला बघतोय. आरशात दोन्ही बाजू दिसत्यात."

"आरशात बघून भांग पाडत्यात, शर्यत खेळत न्हाईत," आण्णा म्हणाले. "आमच्या पांडू कोष्ट्यानं एका हातानं तंबाखू मळत उलटी गाडी पळवली. आरसा होता त्याला? आरसा विकून त्यानं हॉर्न घेतला होता."

"आणि तो हॉर्न वाजवत विहिरीत गेला."

"विहिरीत न्हाई, उसात!"

मग जे सुरू झालं ते मी ताटल्या हातात घेऊन उभ्या उभ्या ऐकत राहिले. पांडू कोष्टी मोठा की सांगलीचा बाबालाल मोठा. बाबालालनं तीन जत्रा मारल्या, पण त्याचं वजन म्हणून पैलवान बसायचा, मग ते श्रेय बाबालालचं की पैलवानाचं. मिरज स्टॉपनं आपली गाडी पाठीला पत्रा ठोकून जड केली हे खरं की नाही. दोघांचं एकमत झालं ते फक्त हल्लीच्या पोरांबद्दल. हल्लीची पोरं गाडीला लायटिंग लावतात, टेप वाजवतात, इंजिनाची काशी करतात आणि वळणावर रडतात, असं दोघंही एका सुरात म्हणाले. एकमत झाल्याचं लक्षात आलं तसे दोघंही दचकून गप्प बसले.

गुंडूमामांना ती संधी वाटली. त्यांनी खिशातून सुपारी काढली. "मग फोडायची का?"

"थांब," आण्णा म्हणाले. "आधी ह्यानं माझ्या घरात बसून कबूल करावं, चौऱ्याऐंशीची ढाल मिरजेची."

"आणि ह्यानं कबूल करावं, ती सांगलीची. न्हाईतर माझी सून म्हणून येणारी पोर माझ्याच घरात बसून ढालीकडं वाकडं बघायची. चालायचं न्हाई."

"मग जमायचं न्हाई."

"मग न्हाई जमायचं."

शीतल पहिल्यांदाच बोलला. "बाबा, पोहे तरी..."

"गप. तुला काय कळतंय त्यातलं?" तवनाप्पा उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. अंगणात त्यांची गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी आण्णांची. त्या दोन गाड्यांकडे बघत ते म्हणाले, "भूपाल, अजून मान वळतीया का तुझी?"

"वळायचं सोड, ती सरळच होत न्हाई. का?"

"पळवायची का?"

आण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे आईला विचारलं तर ती म्हणेल, तिनं पाहिलं होतं, लग्नाआधी.

"आत्ता?"

"आत्ताच. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय मला. हरला त्यानं कबूल करायचं आणि सुपारी फोडायची."

सगळे अंगणात धावले. मी मात्र ताटल्या घेऊन आत वळले. मला माझे आण्णा ठाऊक होते. हरले असते तर त्यांनी सुपारी फोडली असती, लग्नही लावलं असतं, आणि जन्मभर सांगलीला पाऊल ठेवलं नसतं. तवनाप्पा हरले असते तर त्यांच्या घरी मी रोज ढालीच्या रिकाम्या खिळ्याखाली भाजी निवडत बसले असते. कुणीही जिंको, हरणार मीच होते.

स्वयंपाकघरात गेले तर मागोमाग रत्नाकाकी आल्या. पाणी मागितलं, तांब्या हातात घेतला आणि हसायलाच लागल्या. पाणी सांडलं तरी हसू थांबेना.

"काकी, मला रडू येतंय आणि तुम्ही हसताय?"

"मग काय करू बाई? एवढी वर्षं ऐकतीया मी हे. आमच्या घरात देवाच्या आरतीला उशीर झाला तर चालतंय, चौऱ्याऐंशीच्या आरतीला चालत न्हाई." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला एक सांगू? तुझ्या बापाचा प्लग गेला नव्हता."

"मग?"

"मी रेघेच्या पलीकडं उभी होते. धाकटी कडंवर, शीतल पदराला, हातात जत्रेची पिशवी. त्यात चपलेचा अंगठा तुटला. पाय असा पोळायला लागला बाई, की शर्यत कुणाची आणि नवरा कुणाचा, काय सुचंना. समोरनं एक रिक्षा येताना दिसली. आरडले मी, 'ए रिक्षाऽऽ!'"

"शर्यतीतल्या रिक्षाला?" मी विचारलं.

"आणि थांबली," रत्नाकाकी म्हणाल्या. "कच्चकन. रेघेवर. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि मग आमचे हे शेजारनं भुर्रकन गेले."

"आण्णांनी ओळखलं तुम्हाला?"

"कसलं? धुरळा केवढा! पण थांबलो कशापायी, हे त्याला ठाऊक असणारच की. सांगंल कुणाला? मिरजेचा वाघ आणि गिऱ्हाइकाच्या हाकेला थांबला! त्यापरीस प्लग बरा."

"आणि तुम्ही का सांगितलं नाही?"

त्यांनी डोळे पुसले. "ह्यांना त्या ढालीचा केवढा आनंद. रोज पुसत्यात. कशाला मोडायचा?"

बाहेरून दिलावरची हाळी आली, "रेघ मारायला काय तरी द्याऽ!" आईनं पाहुण्यांसाठी काढलेली रांगोळीची वाटी मी उचलली. ती घेऊन बाहेर निघाले तेव्हा माझ्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगते.

गल्लीच्या मागं रेल्वेच्या कंपाउंडला लागून एक सरळ रस्ता होता. रविवारी तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नसे. त्या दिवशी मात्र दिलावरच्या कृपेनं निम्मा स्टेशन स्टॉप हजर होता. रेघ मी मारली, या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी. मग रेघ ओलांडणं म्हणजे नेमकं काय यावर पुन्हा वाद झाला आणि शेवटी ठरलं की या खेपेला अख्खी गाडी पलीकडे गेली पाहिजे, म्हणजे तोंडाचा प्रश्नच नको. पंच व्हायला मामा तयार नव्हते. त्यांना धरून आणलं आणि हातात टॉवेल दिला.

आण्णांच्या शेजारी वजन म्हणून दिलावर बसला. तवनाप्पांच्या शेजारी शीतल.

"त्याचं कसलं वजन?" रत्नाकाकी माझ्या कानाशी म्हणाल्या. "वारं आलं तर उडून जाईल."

दोन्ही गाड्या रस्त्याच्या पार त्या टोकाला, पाठी आमच्याकडे करून उभ्या राहिल्या. पडदे काढल्यामुळं आरपार दिसत होतं. आण्णांनी मान वळवली. तवनाप्पांनी आरसा फुंकर मारून पुसला. मामांनी डोळे मिटून टॉवेल खाली केला.

त्या गाड्या धावत आल्या तेव्हा जमीन हादरली, असं म्हटलं तर दिलावरला आवडेल, पण खरं सांगायचं तर त्या किंचाळत, डुलत आल्या. उलट्या गिअरमध्ये रिक्षा ज्या आवाजात ओरडते तो आवाज ऐकवत नाही. पण मी पाहत होते ते त्या दोघांकडे. आण्णांचे दात दिसत होते. तवनाप्पा आरशात बघून स्वतःशीच काहीतरी बोलत होते, बहुतेक गात होते. दोन पोट सुटलेली माणसं, एकाला मधुमेह, दुसऱ्याचा गुडघा गेलेला, आणि दोघांच्याही तोंडावर असा आनंद की बघणाऱ्याचं पोट भरावं. शीतल एका हातानं दांडी धरून बाहेर लोंबकळत होता आणि त्याचा शर्ट फडफडत होता.

"मगदूमआण्णाऽ!" स्टॉपवरची पोरं ओरडत होती. गाड्या अगदी जोडीनं होत्या. वीतभर आण्णा पुढं, मग वीतभर तवनाप्पा. रेघ जवळ येत होती. आता आणखी एका श्वासात यातला एकजण जिंकणार होता, आणि दुसऱ्याच्या तोंडावरचा तो आनंद जाणार होता, आणि तो पुन्हा आणून द्यायला माझ्याजवळ काहीही नव्हतं.

मी हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

"ए रिक्षाऽऽऽ!"

कच्चकन ब्रेक लागले. दोन्ही गाड्यांचे. चाकं घासत गेली, रबराचा वास सुटला, धुळीचा लोट उठला आणि दोन्ही गाड्या रेघेच्या अलीकडे हातभर अंतरावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शीतलच्या हातातून दांडी सुटली आणि तो धडपडत येऊन रांगोळीच्या पलीकडे बसला. त्या दिवशी रेघ ओलांडली ती एकट्या माझ्या नवऱ्यानं.

धूळ खाली बसली. दोन्ही ड्रायव्हरांची तोंडं माझ्याकडे होती, आणि एकाच वेळी दोघंही म्हणाले, "कुठं जायचंय?"

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तवनाप्पा खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होते. पाय अजून ब्रेकवर होता. तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "भूपाल, चौऱ्याऐंशीला... प्लग?"

आण्णांनी मान हलवली. "न्हाई."

"मग?"

"कुणीतरी हाक मारली."

"आणि तू थांबलास? रेघेवर?"

"आत्ता तू कुठं थांबलायस?"

तवनाप्पांनी पुन्हा पायाकडे पाहिलं. "मी न्हाई थांबलो. पाय थांबला."

"माझाबी पायच थांबला होता," आण्णा म्हणाले. एवढी वर्षं मनात दाबलेलं ते वाक्य बाहेर पडलं आणि त्यांचे खांदे खाली आले. "तू शर्यत जिंकलास आणि मी गिऱ्हाईक. पण गिऱ्हाईक पण मिळालं न्हाई. धुरळ्यात कुठं गेली ती बाई, काय ठावं."

"इथं हाय," रत्नाकाकी म्हणाल्या. "चप्पल तुटली होती माझी."

तवनाप्पांनी बायकोकडे पाहिलं. मिशा थरथरल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते जे हसत सुटले ते गाडीचं हँडल धरूनच. "म्हणजे ढाल मी आणली न्हाई! हिनं आणली! आणि मी गुलामासारखा रोज पुसतोय!" ते खाली उतरले, लंगडत आण्णांच्या गाडीपाशी गेले आणि त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. "आरं, मग हे सांगायचं न्हाईस व्हय? गिऱ्हाइकाला बघून थांबला, ह्यात लाज कसली? मी तुला तिथंच ढाल दिली असती."

"दिली नसतीस."

"नसती दिली," तवनाप्पांनी कबूल केलं.

मागं दिलावरनं तेवढ्यात नवा वाद काढला होता: गिऱ्हाइकासाठी थांबलेली गाडी हरलेली धरायची की नाही. स्टॉपवर तो वाद अजून चालू आहे. मामा तोवर रस्त्याच्या कडेला दगड शोधत होते, कारण सुपारी आत्ताच फोडली नाही तर या माणसांचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शीतल रांगोळीत बसूनच माझ्याकडे बघून हसत होता.

"आरं, पण पोरीनं हाक मारलीया," तवनाप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक तटवून ठेवू नये. विचार की तिला, कुठं जायचंय."

आण्णा गाडीतच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टॉपवर कुणाही गिऱ्हाइकाला विचारतात तसं, भुवया वर करून. "कुठं जायचंय, बाई?"

"सांगलीला," मी म्हणाले.

सगळे हसले. आण्णाही हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि विनाकारण हँडल पुसलं. मला इतका वेळ फक्त माझं लग्न जमायला हवं होतं. जमलं म्हणजे काय होणार आहे, हे मला त्या क्षणी, त्यांच्या त्या हाताकडे बघून कळलं.

"सोडतो की," ते म्हणाले. "सांगलीला सोडायला काय न्हाई गं. फक्त येताना गाडी रिकामी येती."

माझे डोळे भरून आले. आई मागं पदरानं नाक पुसायला लागली.

तवनाप्पा आण्णांच्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून ऐसपैस बसले. "रिकामी कशी येईल?" ते म्हणाले. "मी येतोय की बसून. पांडू कोष्टी विहिरीत गेला का उसात, ते अजून ठरलंय कुठं?"